उसनी तलफ

देविदास गुरनुलेच्या मेंदूत तलफ शून्य होती आणि गालात खर्रा होता. डॉ. क्षिप्रा देवतळे यांच्या सिद्धान्ताप्रमाणे या दोन गोष्टी एका माणसात एकाच वेळी असू शकत नव्हत्या. सिद्धान्त आजवर एकदाही चुकला नव्हता. तेव्हा चूक यंत्राचीच असणार असं धरून त्यांनी तलफमापकाचं शिरस्त्राण देविदासच्या डोक्यावरून उतरवलं, त्यातले सगळे संवेदक पुसले आणि ते पुन्हा चढवलं. पडद्यावरची रेघ मघाइतकीच सपाट होती.

"आधी थुंकून या," त्या म्हणाल्या.

देविदास निमूट उठला आणि बेसिनकडे गेला. रंगमंचावर राजाच्या ऐटीत वावरणारा हा उंचापुरा माणूस कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा खाली मान घालून चालत होता.

देविदास हा पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीचा नायक. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा, आरमोरी, चिमूरकडच्या गावोगावी या कंपन्यांची नाटकं होतात, आणि एकदा पडदा वर गेला की सकाळपर्यंत खाली येत नाही. जागं राहायला कलावंतांना खर्रा लागतो. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटायचा, चिमूट गालात धरायची आणि पुढच्या प्रवेशाला जायचं. देविदासनं पहिली चिमूट धरली तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. तंबाखूनं तलफ लावली आणि सुपारीनं गालाची आतली कातडी आवळत नेली. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. देविदासच्या तोंडात दोन जेमतेम जायची. दंतवैद्यानं त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की गेलेलं परत यायचं नाही, पण सोडलं तर आहे तेवढं टिकेल. नाही सोडलं तर पुढच्या हंगामात एक बोट. एका बोटाच्या तोंडातून संवाद शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, आणि भाकरीसुद्धा दुधात कुस्करून खावी लागते.

म्हणून तो नागपूरला क्षिप्राबाईंकडे आला होता आणि त्यांनी त्याची तलफ मुळासकट काढून टाकली होती.

"मुळासकट काढली होतीस ना? मग हे काय उगवलं?" दारातून प्रश्न आला.

विचारणारे होते डॉ. प्रल्हाद वासनिक. त्यांचा विभाग खालच्या मजल्यावर. व्यसन कसं सोडवावं याबद्दल या दोघांचं वर्षानुवर्षं पटलं नव्हतं, आणि तरीही दुपारचा चहा दोघं रोज एकत्र घेत. भांडायला इतकं चांगलं माणूस दुसरं मिळत नाही, असं वासनिक सगळ्यांना सांगत.

"चेष्टा नको, प्रल्हाद. रेघ बघ."

वासनिकांनी चष्मा कपाळावर चढवून पडदा पाहिला. "सुंदर आहे. तान्ह्या बाळाची असते तशी."

"म्याडम," देविदास तोंड पुसत परत आला, "तुम्ही माह्या डोक्यातून नेमकं काय काढलं होतं, ते आज तरी समजावून सांगा. त्या दिवशी तुम्ही सांगत होत्या अन् मी नुसता हो-हो करत होतो."

क्षिप्राबाईंनी खुर्ची त्याच्यासमोर ओढली. विज्ञान समजावून सांगताना त्यांचा राग नेहमीच उतरे.

"तलफ म्हणजे खर्र्याची मजा नव्हे. मजा तर तुमची कधीच संपली होती."

"हो जी. मजा नोयती येत. नाही खाल्ला तं तरास होये, म्हून खाये."

"तलफ म्हणजे मेंदूनं शिकून ठेवलेली अपेक्षा. पन्नीचा आवाज आला, चुन्याचा वास आला, की मेंदू आधीच हात पसरून बसतो. त्या हातावर काही पडलं नाही की छळायला लागतो. ही अपेक्षा आठवणीच्या रूपात साठवलेली असते. आणि आठवण पुरती जागी केली, की ती काही काळ ओल्या मातीसारखी मऊ होते. मग पुन्हा घट्ट बसते. आम्ही तुमची तलफ पूर्ण जागी केली आणि ती मऊ असतानाच औषध देऊन घट्ट होऊ दिली नाही. ती विरघळली. याला आम्ही तलफलोप म्हणतो."

"म्हंजे मी पयल्यासारखा झालो."

"कधीच न खाल्लेल्या माणसासारखे झालात."

"मंग तेच तं झालं ना जी," देविदास म्हणाला.

"काय झालं ते सांगा. एकदम खरं सांगा."

"तालमी सुरू झाल्या. कंपनीत नवीन ढोलकीवाला आला हाय. त्यानं घोटला अन् सगळ्याईले वाटला. आमच्याकडे घोटनारा आधी दुसऱ्याईले देते अन् आपन शेवटी खाते. असा समोर आलेला हात परत धाडला तं मानसाले वाटते, हा हिरो झाला म्हून माजला. याच्या आधी मी दोनदा सोडून पाह्यला होता. तवा पन्नी वाजली का मी उठून पळून जायचो, इतका भेव वाटे. आता भेवच नाही. तलफ नाही, काही नाही. म्हटलं, एका चिमटीनं आपल्याले काय होते? घेतली." त्यानं मान खाली घातली. "चक्कर आली जी मले. लहानपनी पयल्यांदा खाल्ला तवा आली होती, तशीच."

"आणि नंतर?"

"नंतर रोजच कोनी ना कोनी हात पुढं करते."

वासनिकांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "चक्कर आली, म्हणजे तुझा तलफलोप पुरता यशस्वी झालाय, क्षिप्रा. याच्या मेंदूला तंबाखू माहीतच नाही."

क्षिप्राबाईंना आपली चूक इतकी स्वच्छ दिसली की क्षणभर शरमच वाटली. पोरसवदा मुलगा पहिली चिमूट तलफेपायी खात नाही. कुणीतरी आपुलकीनं हात पुढे करतं, नाही म्हणायचा संकोच वाटतो, जागरण असतं, आणि भीती नसते. यातलं त्यांनी काय काढलं होतं? हात पुढे करणारी माणसं तिथंच होती, संकोच तिथंच होता, जागरणं तर आता सुरू व्हायची होती. तलफेबरोबर गेली होती ती एकटी भीती. व्यसनाचा परिणाम त्यांनी धुऊन काढला होता आणि माणूस पुन्हा नेमका कारणाच्या दारात नेऊन उभा केला होता.

"पुन्हा लोप केला तर?" त्यांनी स्वतःलाच विचारलं.

"पुन्हा बाळ होईल, आणि पुन्हा कुणी तरी बोट धरून नेईल," वासनिक म्हणाले.

"मग तुझी सहलहर."

सहलहर हे वासनिकांचं आयुष्यभराचं काम. ज्यानं व्यसन सोडलंय अशा माणसाला रुग्णाच्या शेजारी बसवायचं आणि दोघांचे मेंदू शिरस्त्राणांतून एकमेकांना जोडायचे. जोडणी दुहेरी, इकडचं तिकडे जातं, तिकडचं इकडे. मग दोघांसमोर खर्रा घोटायचा. सोडलेल्या माणसाच्या मेंदूत त्या वेळी एक संथ, दणकट लहर उठते. वासनिक तिला शमनलहर म्हणत. आईच्या श्वासाच्या लयीत लेकरू झोपी जावं, तसा रुग्णाचा मेंदू हळूहळू ती लहर उचलतो आणि पुढे स्वतःच निर्माण करायला शिकतो. पण याला महिनेच्या महिने लागत. क्षिप्राबाईंचं काम आठवड्यात उरकत असे. त्यामुळे रुग्ण जिना चढून वर येत आणि वासनिकांच्या खुर्च्या रिकाम्या राहत.

वासनिकांनी मान हलवली. "माझी लहर तलफेला शमवते. इथं तलफच नाही, तर शमवायचं काय? ती पुन्हा येईपर्यंत थांबावं लागेल. असाच खात राहिला तर हंगामाच्या मध्यावर पक्की होईल."

"आणि तोवर तोंड?"

देविदास आळीपाळीनं दोघांकडे बघत होता.

"म्हंजे मी आधी पुरता बिघडू, अन् मंग तुम्ही मले सुधरवनार?" तो म्हणाला. "म्याडम, मले दुसरं काहीच येत नाही हो. बोलता येते, तेवढंच येते."

हे त्यानं नाटकी आवाजात म्हटलं असतं तर क्षिप्राबाईंना सोसलं असतं. तो अगदी साधं बोलला.

"यमुनाबाई खाली आल्या आहेत," वासनिक म्हणाले. "एकदा बसवून तर बघू."

"कशाला? त्यांच्या मेंदूत तलफ उरली नाही, याच्या मेंदूत नाही. दोन कोरे कागद एकमेकांवर दाबून काय उमटणार?"

"नाही उमटलं तर चहा पिऊ. तुझ्याकडे दुसरा उपाय आहे का?"

दुसरा उपाय नव्हता.

यमुनाबाई निकुरे या वासनिकांच्या सगळ्यात भरवशाच्या सहलहरदात्या. एके काळी त्याही झाडीपट्टीतल्या नावाजलेल्या नटी होत्या, आणि उतारवयात देविदासच्या आईची भूमिका तर त्यांनी इतक्या नाटकांत केली होती की गावोगावचे लोक त्याला यमुनेचाच लेक समजत. खर्र्यानं त्यांचा उजवा गाल नेला. शस्त्रक्रियेत जबड्याचा तुकडा काढावा लागला, बोलणं थोडं बोबडं झालं, रंगभूमी सुटली. त्यानंतर अकरा वर्षांत त्यांनी चिमूटभर खाल्ला नव्हता. एवढं होऊनही बाई सदा हसतमुख. प्रयोगासाठीचा खर्रा त्या स्वतःच्या हातानं घोटायच्या. यंत्रानं घोटलेला त्यांना पसंत नव्हता. त्याले वास येत नाही, म्हणायच्या. मन लावून घोटायच्या, सत्र संपलं की कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या आणि घरी जायच्या. यांची तलफ साफ गेली आहे याचा दाखला म्हणून दोन्ही डॉक्टर हीच गोष्ट विद्यार्थ्यांना सांगत. क्षिप्राबाईंनी एकदा त्यांना फुकट तलफलोप देऊ केला होता. "मले नको बाई, गरजूले द्या," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. यांना आता गरजच उरली नाही, असा क्षिप्राबाईंनी त्याचा सोयीचा अर्थ घेतला होता.

खालच्या मजल्यावर देविदासला पाहताच यमुनाबाईंनी कंबरेवर हात ठेवले.

"आ कर."

"मावशी..."

"आ कर म्हन्ते ना."

त्यानं तोंड उघडलं. उघडलं म्हणजे, जेवढं उघडायचं तेवढंच उघडलं. यमुनाबाई बराच वेळ आत पाहत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले, पण जीभ तशीच तिखट होती. "वा रे बापू! या दिवाळीले लोक तिकिटं काढून काय हे मुकं बाहुलं पाहाले येतीन?"

"चुकलो मावशी."

"बस तिथं."

दोघं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसले. शिरस्त्राणं चढली. भिंतीवरच्या पडद्यावर दोन रेघा धावू लागल्या. वरची यमुनाबाईंची, खालची देविदासची. दोन्ही सपाट. यमुनाबाईंनी मांडीवर पन्नी पसरली, त्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घेतला आणि तळव्यानं घोटायला सुरुवात केली. खसखस आवाज होऊ लागला. खोलीभर चुन्याचा उग्र वास पसरला.

वरची रेघ उठली. सरळ कड्यासारखी उभी राहिली.

"हे काय?" क्षिप्राबाईंनी विचारलं.

"काही नाही, ती गळती. दर वेळी येते," वासनिक सवयीनं म्हणाले. "रुग्णाची तलफ जोडणीतून यमुनाबाईंच्या रेघेत झिरपते. मी तेवढा भाग कापून टाकतो आणि पुढची लहर तेवढी..."

"कुठल्या रुग्णाची, प्रल्हाद?"

वासनिकांचा हात कळफलकावरच थांबला. खाली देविदासची रेघ अजून जमिनीला टेकलेली होती. तिथून वर झिरपायला काहीही नव्हतं. आजवर ज्या ज्या रुग्णाला यमुनाबाईंशी जोडलं होतं त्याला स्वतःची तलफ होती, म्हणून हा कडा कुणाचा हे कधी कळलंच नव्हतं. कळायला तलफ नसलेलाच माणूस जोडायला हवा होता, आणि असा माणूस जोडायचा विचार कोणत्याही शहाण्या शास्त्रज्ञानं केला नसता.

"ही यांची आहे," क्षिप्राबाई हळूच म्हणाल्या. "ही यांची स्वतःची आहे."

तेवढ्यात खालची रेघही थरारली. जोडणी दुहेरी होती, आणि वासनिकांच्या यंत्रानं आपलं काम इमानानं केलं. देविदासनं खुर्चीचे हात घट्ट धरले. त्याच्या कपाळावर घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं, गळ्याची घाटी वरखाली झाली.

"म्याडम," तो म्हणाला, "आली."

"काय आली?"

"तलफ. तीच. पन अशी तं मले कधीच नोयती आली जी... थांबवा..." त्याचा उजवा हात त्याच्याही नकळत यमुनाबाईंच्या मांडीवरच्या पन्नीकडे निघाला.

क्षिप्राबाईंनी जोडणी तोडायला बटणाकडे हात नेला. यमुनाबाईंचे डोळे मिटलेले होते, तळवा थांबला नव्हता. त्यांनी फक्त मान हलवली. "राहू द्या. येते अन् जाते. देविदासा, माह्याकडं पाहा. हात मांगं घे."

आणि मग ती लहर उठली. वासनिकांनी ती शेकडो वेळा पाहिली होती, पण दर वेळी वरचा कडा कापून. आज पहिल्यांदाच दोघांनी ती अख्खी पाहिली. ती शांततेची लहर नव्हतीच. ती त्या कड्याच्या बरोबर खालून उठत होती, त्याला खांदा देत होती, तसूतसूनं खाली आणत होती. कडा पुन्हा उसळी मारी, ती पुन्हा खालून धरी. याला शमन म्हणणारा माणूस मीच, असं वासनिक पुटपुटले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. तो निग्रह होता, आणि एका म्हातारीच्या डोक्यात तो घाम न फुटता चालला होता.

देविदासच्या रेघेवरचा कडाही उतरला. त्याचा हात मागे आला आणि मांडीवर पडून राहिला. दुसऱ्यांदा तलफ चढली तेव्हा यमुनाबाईंच्या लहरीच्या पोटाशी आणखी एक बारीकशी लहर दिसली. वेडीवाकडी होती, मध्येच तुटत होती, पण ती देविदासची होती.

"क्षिप्रा, आपण याला काय केलं?" वासनिकांनी विचारलं.

"लस टोचली," क्षिप्राबाई म्हणाल्या. त्यांचं डोकं भराभर चाललं होतं. "आजार अंगात नाही, म्हणून आजाराशी लढायची ताकदही नाही. मी तलफ काढली तेव्हा सोडण्याची शक्ती कमवायची जागाच काढून टाकली. आता एक चिमूटही न खाता याला तलफ मिळू शकते. दुसऱ्याची, उसनी. आणि तिच्याबरोबर ती धरणाराही शेजारीच बसलेला असेल. उसनी दिली म्हणून देणाऱ्याची कमी होत नाही, आणि घेणाऱ्याला जडत नाही, कारण मागोमाग त्याच्या मेंदूला काहीच मिळत नाही. हंगाम सुरू होईपर्यंत रोज सकाळी बसवू. मी ज्यांचा ज्यांचा लोप केलाय त्या सगळ्यांना परत बोलवायचं. तुझ्या सगळ्या खुर्च्या लागतील, प्रल्हाद."

"तू? लोकांना तलफ लावणार?"

"हो. जिनं आयुष्यभर पुसली, तीच."

जोडणी सुटली. यमुनाबाईंनी पन्नी गुंडाळून डब्यात टाकली. क्षिप्राबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"यमुनाबाई, तलफ अजून येते हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं कवा?" बाई हसल्या. "तुम्हाले वाटलं सुटली. सुटत नसते बाई. सोडा लागते."

"मी ती काढून देत होते. तेव्हा नको का म्हणालात?"

यमुनाबाईंनी चुन्याचे हात पुसले. "आता माह्याजवळ दुसरं काय हाय, सांगा. गाल गेला, नाटक गेलं. मी सोडला, हेच एक माहं सोताचं हाय. ते कसं पुसू देऊ?"

आपल्या विद्यापीठात, आपल्या परिषदांत भेटलेली मोठमोठी माणसं क्षिप्राबाईंनी मनातल्या मनात आठवून पाहिली, आणि या बाईशेजारी बसवावं असं त्यांतलं एकही सापडलं नाही. त्यांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. वैज्ञानिक म्हणून त्यांना हे शोभत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

देविदासनं शिरस्त्राण काढलं. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. ज्या बाईच्या मांडीवर त्यानं नाटकात कितीदा तरी डोकं ठेवून प्राण सोडले होते, जी रोज त्याला चिडवायची, विंगेत बसून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसायची, तिच्याकडे तो प्रथमच पाहत असल्यासारखा पाहत होता.

"मावशी," तो म्हणाला, "हे एवढं? अकरा वर्सं? रोज?"

यमुनाबाईंनी पदरानं त्याचं कपाळ पुसलं.

"नाही रे बापू," त्या म्हणाल्या. "आज कमीच होती."